जुन्या सागवानी नौकेला नवा फिशफाइंडर: कोणता घ्यावा?

हर्णैचा_नाखवा · १४ मे, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. पावसाळी मासेमारी बंदी लागायच्या आत एक निर्णय घ्यायचा आहे, म्हणून हा धागा काढतोय.

आमची नौका ३८ फुटी, सागवानी, वडिलांनी बांधून घेतलेली. पंचवीस वर्षं झाली, पण लाकूड अजून खणखणीत आहे. सहा सिलिंडरचं इंजिन, २४ व्होल्टच्या बॅटऱ्या. काम गिलनेटचं (उभं सोडायचं जाळं, मासा त्याच्या डोळ्यात अडकतो): सुरमई, पापलेट, मोसमात बांगडा. मधूनमधून गळ टाकतो. बहुतेक धंदा ८ ते २५ वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) पाण्यात, कधी बाहेर गेलो तर ४० वावांपर्यंत.

सध्याचा फिशफाइंडर (पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून तळ आणि मासा पडद्यावर दाखवणारं यंत्र) ५०/२०० किलोहर्ट्झचा, सहा इंची रंगीत. त्याचे रंग आता उडालेत. लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात, त्यामुळे तळ कुठे संपला आणि तळाला चिकटलेला मासा कुठे सुरू झाला हे तांडेलाला (नौका चालवणाऱ्या प्रमुखाला) कळत नाही. दुसरा त्रास असा, की इंजिनाचे फेरे वाढवले की पडद्यावर ठिपक्यांचा पाऊस पडतो आणि जोरात चाललो तर तळाची रेघच गायब होते.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, फुरुनोचा एफसीव्ही-६२८, साडेपाच-पावणेसहा इंची. दुसरा, चिनी बनावटीचा नऊ इंची, प्लॉटर (नकाशावर नौकेची जागा दाखवणारं यंत्र) आणि फिशफाइंडर एकत्र असलेला. तिसरा, अमेरिकन कंपनीचा नऊ इंची टचस्क्रीन, चर्पवाला (आवाजाचा सूर सरकवत नेणारा). धाकट्या भावाचं म्हणणं, मोठा पडदा घेऊ. तांडेल म्हणतो, जपानी घ्या. जीपीएस प्लॉटर आमच्याकडे वेगळा आहे आणि तो नीट चालतो.

१ जूनला नौका वर घ्यायची आहे. नौकेच्या तळाला हात लावायचा असेल तर तेव्हाच. जाणकारांनी सांगावं.

दर्यासारंग · १४ मे, रात्री १०.०५

नाखवा, छान केलंत हे आत्ता विचारलंत. जुलैअखेर विचारणारे असतात, तोवर नौका पाण्यात उतरलेली असते.

पण यंत्र निवडायच्या आधी तुमच्या त्या 'ठिपक्यांच्या पावसा'चं उत्तर शोधा. ते न शोधता नवं यंत्र लावलंत तर तोच पाऊस नव्या पडद्यावर जास्त ठळक दिसेल. ट्रान्सड्यूसर (नौकेच्या तळाला बसवलेला, आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग) कोणता आहे, कुठे बसवलाय, किती वर्षांचा आहे, वायर कशी ओढलीय, हे लिहा. पडद्याच्या इंचांची चर्चा त्यानंतर.

मिरकरवाडा_मरीन · १५ मे, सकाळी ७.४०

मी रत्नागिरीत नौकांवर ही यंत्रं बसवायचं काम करतो. वर दर्यासारंग बोलले ते शंभर टक्के खरं.

नाखवा, नौका अजून पाण्यात आहे ना? मग वर घ्यायच्या आधी दोन चाचण्या करा, एक पैसा लागत नाही.

जेटीला बांधलेल्या नौकेवर इंजिन न्यूट्रलला ठेवा आणि हळूहळू फेरे वाढवा. फिशफाइंडर चालू असू दे. नौका जागची हलत नसताना फेऱ्यांबरोबर ठिपके वाढले, तर दोष विजेचा: अल्टरनेटरचा गोंगाट वायरीतून आत येतोय. तसं झालं तर यंत्राची वायर काढून एका वेगळ्या, इंजिनाशी काहीही संबंध नसलेल्या बॅटरीला जोडा आणि पुन्हा फेरे वाढवा. ठिपके गेले, तर दोषाची जागा सापडली.

दुसरी चाचणी चालत्या नौकेवर. बंदराबाहेर सपाट तळावर या, १० वाव पाणी पुरे. चार नॉटने चला, मग पाच, मग सहा, सात. कोणत्या वेगाला तळाची रेघ तुटायला लागते ते लिहून ठेवा. मग त्याच वेगात इंजिन एकदम न्यूट्रलला टाका. नौका वाहत्या वेगाने पुढे जात असताना रेघ लगेच परत आली, तर पंख्याचा (प्रॉपेलरचा) त्रास. नौका मंदावल्यावरच आली, तर ट्रान्सड्यूसरच्या तोंडावरून हवेचे बुडबुडे जाताहेत. आवाज पाण्यातून जातो, हवेच्या थरातून जवळजवळ जातच नाही. बुडबुड्यांची पातळ चादर ट्रान्सड्यूसरखाली आली की सगळ्यात महाग यंत्रही आंधळं.

वेसावकर · १५ मे, सकाळी ११.१५

आमचा वेसाव्याचा धंदा डोलीचा (एका जागी बांधून ठेवलेल्या जाळ्याचा), त्यामुळे मासा शोधत फिरायचं काम कमी. तरी एक गोष्ट सांगतो, कारण नव्या यंत्राकडून लोक भलती अपेक्षा ठेवतात.

फिशफाइंडरला माशाच्या मांसापेक्षा त्याच्या पोटातली हवेची पिशवी दिसते. प्रतिध्वनीचा मोठा भाग तिथूनच येतो. घोळीला केवढं भोत (म्हणजे हीच पिशवी) असतं, तुम्हाला माहीतच आहे, त्यापायी तर ती सोन्याच्या भावाने जाते. अशी घोळ पडद्यावर ठसठशीत उमटते. बोंबलाला ती पिशवीच नाही, वरून अंग पाण्यासारखं मऊ. बोंबलाचा थवा खालून गेला तरी पडदा फिका राहतो. तुमच्या सुरमईलाही हवेची पिशवी नसते. नाखवा, सुरमईसाठी यंत्र घेत असाल तर हे आधी डोक्यात असू द्या.

हर्णैचा_नाखवा · १५ मे, दुपारी १.३०

वेसावकर, हे नवीनच कळलं. मग सुरमईसाठी फिशफाइंडरचा उपयोगच नाही असं म्हणायचं का?

दर्यासारंग · १५ मे, दुपारी ३.००

उपयोग आहे, पण आडून. सुरमई शोधू नका, तिचं खाणं शोधा. तारली, मांदेली, लहान बांगडा यांचा गोळा मधल्या पाण्यात दिसला आणि तो गोळा नेहमीसारखा गोल-सैल नसून दाबल्यासारखा, एका बाजूने तुटलेला दिसला, की त्याच्या आसपास कुणीतरी शिकारी आहे. एखादी बारीक तिरकी रेघ त्या गोळ्याच्या कडेने वर-खाली जाताना दिसते, ती बहुधा सुरमई नाहीतर कुपा. हे ओळखायला यंत्राला लहान माशाचे तुकडे वेगळे दाखवता आले पाहिजेत. म्हणून २०० किलोहर्ट्झची बाजू चांगली असलेलं यंत्र घ्या.

आणि समुद्रावर नजर ठेवायची सवय यंत्र आलं म्हणून सोडू नका. पाण्याचा रंग जिथे बदलतो ती रेघ, पक्षी, पाण्यावर उठलेली खळबळ. तांडेल ते बघतो आणि मग पडद्याकडे बघतो, हाच क्रम बरोबर.

मालवणी_गरवालो · १५ मे, संध्याकाळी ६.५०

आमच्या मालवणाकडे तळाक कातळ आणि खडप. थंय मासो दिसणां जितक्या महत्त्वाचा, तितक्याच तळ कसलो ता कळणां. जाळा खडपात गेला की निम्म्या जाळ्याची चिंधी.

(पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो.)

तळाची रेघ नुसती रेघ म्हणून बघू नका, तिची शेपटी बघा. चिखलावर रेघ पातळ आणि शेपटी आखूड, कारण चिखल आवाज गिळतो. कातळावर रेघ जाड लाल आणि खाली लांबलचक शेपटी. उथळ पाण्यात तर कातळाचा दुसरा प्रतिध्वनीही येतो: तळ १० वावांवर असेल तर २० वावांवर तसाच फिका तळ पुन्हा दिसतो. तो दिसला की खाली टणक आहे हे नक्की. चिखल आणि कातळ जिथे मिळतात त्या कडेवर गोब्रा आणि तांबोशी बसलेले असतात, आम्ही गळ तिथेच सोडतो. नाखव्यांच्या यंत्राचे रंग उडालेत म्हणजे हीच माहिती गेली. बाकी काही असो, रंग स्वच्छ दाखवणारा आणि भर उन्हात दिसणारा पडदा पाहिजे.

माझं मत एकत्र यंत्राच्या बाजूने. कातळ दिसला की त्याच पडद्यावर बोट ठेवून जागा नोंदवता येते. दोन यंत्रांत ते होत नाही.

मिरकरवाडा_मरीन · १५ मे, रात्री ९.३०

आता वारंवारता आणि वॅटबद्दल थोडं सविस्तर लिहितो. जाहिरातीत सगळ्यात जास्त गोंधळ याच दोन गोष्टींत असतो.

५० किलोहर्ट्झचा आवाज खोल जातो आणि रुंद पसरतो. २०० चा कमी खोल जातो, पण अरुंद आणि बारीक तपशिलाचा. नौकांवर जो ६०० वॅटचा साधा ५०/२०० ट्रान्सड्यूसर सर्रास लागतो, त्याचा झोत ५० ला साधारण ४० अंशांचा आणि २०० ला १५ अंशांचा असतो. २० वाव म्हणजे साडेछत्तीस मीटर. एवढ्या पाण्यात ५० चा झोत तळावर २६-२७ मीटर रुंदीचं वर्तुळ बघतो, २०० चा साडेनऊ मीटरचं.

रुंद बघणं चांगलं वाटतं, पण त्यात एक फसवणूक आहे. यंत्र झोतातलं सगळं अंतराने मांडतं. झोताच्या कडेचं अंतर मधल्यापेक्षा जास्त. त्यामुळे २० वावांत ५० च्या झोताच्या कडेला, तळापासून सव्वादोन मीटर उंचीपर्यंत पोहणारा मासा तळाच्या लाल रंगात बुडून जातो, वेगळा दिसतच नाही. २०० ला हा आंधळा पट्टा फूटभर राहतो. तुम्ही ८ ते २५ वावांत काम करता, म्हणजे रोजचं यंत्र २०० वर चालणार. ५० ठेवा ४० वावांसाठी आणि आसपास काही आहे का हे चाचपायला. अर्धा पडदा ५०, अर्धा २०० असा ठेवला तर ५० वर दिसलेला गोळा २०० वर दिसत नसेल तेव्हा समजायचं, मासा नौकेच्या बरोबर खाली नाही, बाजूला आहे.

वॅटचं असं. एका खोक्यावर ६०० लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ४८००, आणि गिऱ्हाईक दुसरं उचलतं. दोन्ही एकच असू शकतात. ६०० हा आरएमएस (सरासरी ताकदीचा) आकडा, ४८०० हा पीक-टू-पीक (टोकापासून टोकापर्यंतचा), म्हणजे आठपट. ४००० पीक-टू-पीकवालं यंत्र प्रत्यक्षात ५०० वॅटचं. दुकानदाराला आरएमएसच विचारा. तुमच्या पाण्याला ६०० आरएमएस भरपूर झाले. एक किलोवॅट लागतो तो शंभर वावांच्या कडेला जाणाऱ्यांना, आणि त्याचा ट्रान्सड्यूसर मोठा, महाग, तळाला भोक मोठं.

चर्पबद्दल: चर्प म्हणजे एकाच सुराऐवजी आवाज एका टोकाच्या सुरापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जातो, त्यामुळे जवळजवळचे मासे वेगवेगळे दिसतात. गोष्ट खरी आहे, जाहिरातीपुरती नाही. पण त्यासाठी ट्रान्सड्यूसरही तेवढा रुंद सूर काढणारा हवा. जुन्या ५०/२०० ट्रान्सड्यूसरला चर्पचं यंत्र जोडलंत तर चर्पचे पैसे गेले. साध्या यंत्रातही पल्स (एका वेळी सोडलेला आवाजाचा तुकडा) आखूड केली की बरंच काम होतं. समुद्रात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. एक मिलिसेकंदाची पल्स असेल तर एकाखाली एक असलेल्या दोन माशांत पाऊण मीटर अंतर असल्याशिवाय ते वेगळे दिसत नाहीत, दशांश मिलिसेकंदाची असेल तर साडेसात सेंटिमीटर पुरतात. २५ वावांच्या आत आखूड पल्स चालते.

सिअ‍ॅटलवासी_दापोलीकर · १६ मे, पहाटे ५.१०

इथे अमेरिकेत शनिवार-रविवारी मासेमारीला जातो, माझ्या छोट्या बोटीवर नऊ इंची चर्प आहे, बाजूचंही दाखवतं. चित्र इतकं स्पष्ट की बुडालेलं झाड ओळखू येतं. नाखवा, एकदा तो पडदा पाहिलात की जुना नको वाटेल. मी तिसऱ्या पर्यायाला मत देतो.

मिरकरवाडा_मरीन · १६ मे, सकाळी ८.००

दापोलीकर, तुमच्या बोटीवर ते उत्तमच असणार. पण ती यंत्रं बहुतेक मागच्या फळीला अडकवायच्या ट्रान्सड्यूसरसकट येतात. आउटबोर्ड इंजिनाच्या बोटीला ते ठीक. नाखव्यांच्या नौकेचा पंखा तळाखाली, मागे. मागच्या फळीवर अडकवलेला ट्रान्सड्यूसर पंख्याने घुसळलेल्या पाण्यातच बसणार, तिथे काहीच दिसणार नाही. शिवाय बाजूचं दाखवणारे झोत फार उंच वारंवारतेचे असतात, आपल्या किनाऱ्याच्या गढूळ, भरती-ओहोटीने ढवळलेल्या पाण्यात त्यांची मजल कमी पडते. नाखव्यांना तो घ्यायचा असेल तर तळातून बसणारा कांस्याचा ट्रान्सड्यूसर वेगळा घ्यावा लागेल, आणि मग बजेट कुठल्या कुठे जातं.

सिअ‍ॅटलवासी_दापोलीकर · १६ मे, सकाळी ८.२५

हा मुद्दा लक्षात आला नव्हता. बरोबर आहे तुमचं.

हर्णैचा_नाखवा · १९ मे, संध्याकाळी ७.४५

दोन्ही चाचण्या केल्या.

जेटीला न्यूट्रलमध्ये फेरे वाढवले, ठिपके आले. भावाने ट्रॅक्टरची बॅटरी आणली, २४ साठी दोन जोडल्या, यंत्राची वायर त्यांना लावली. ठिपके गेले! तांडेल बघतच राहिला. इतकी वर्षं आम्ही म्हणत होतो, यंत्र म्हातारं झालं.

सुवर्णदुर्गाच्या पलीकडे सपाटीवर दुसरी चाचणी केली. साडेपाच नॉटपासून रेघ तुटायला लागली, सातला पूर्ण गेली. इंजिन न्यूट्रलला टाकलं तरी लगेच आली नाही, वेग कमी झाल्यावर आली. म्हणजे बुडबुडे, असंच ना?

मिरकरवाडा_मरीन · १९ मे, रात्री ८.३०

असंच. नौका वर घेतली की ट्रान्सड्यूसरच्या पुढच्या भागाचा फोटो टाका. त्याच्या पुढे काय बाहेर आलंय ते बघायचं आहे.

बंदरावरची_ताई · २० मे, सकाळी १०.२०

माझ्या घरची नौका आहे, हिशेब मी बघते, म्हणून खर्चाच्या बाजूने लिहिते.

यंत्र घेताना सगळे किंमत विचारतात, दुरुस्ती कोण विचारत नाही. आमच्याकडे आधी एक स्वस्त मोठ्या पडद्याचं यंत्र होतं. ऐन ऑक्टोबरात बंद पडलं. विकणाऱ्याने मुंबईला पाठवा म्हणून सांगितलं, तिथून ते पुढे कुठे गेलं देव जाणे. बांगड्याचा अख्खा मोसम तांडेल अंदाजाने जाळं टाकत होता. डिझेल तेवढंच जळत होतं, खलाशांचा पगार तेवढाच. यंत्रात वाचवलेले पैसे त्या एका मोसमात कितीतरी पटींनी गेले.

म्हणून नाखवा, तुमच्या बंदरापासून दिवसभरात जाऊन येता येईल अशा ठिकाणी ज्याचा मेकॅनिक आहे, ज्याचा ट्रान्सड्यूसर आणि फ्यूज कपाटातून काढून देता येतो, ते यंत्र घ्या. शेजारच्या चार नौकांवर जे असेल ते घेतलं तर अडीअडचणीला त्यांच्या तांडेलालाही विचारता येतं. आमचा सारंग आणि खलाशी मोठा पडदा बघून खूश होतात, पण घर त्या पडद्यावर चालत नाही, जाळ्यातल्या मालावर चालतं.

आणि वॉरंटीचा कागद घेताना त्यावर यंत्राचा नंबर आणि ट्रान्सड्यूसरचा नंबर दोन्ही लिहून घ्या. ट्रान्सड्यूसर त्यात धरलाय का, ते तिथेच विचारा.

मालवणी_गरवालो · २० मे, दुपारी १२.४०

ताई, शंभर टक्के पटलं. एकत्र यंत्राबद्दलचं माझं मत मात्र कायम.

दर्यासारंग · २० मे, दुपारी २.१५

गरवाले, गळाच्या धंद्याला तुमचं खरं आहे. खडपावर बरोबर जागा पकडायची तर एकाच पडद्यावर दोन्ही हवं. पण नाखव्यांकडे चालता प्लॉटर आहे. दोन यंत्रं वेगळी असली की एक मेलं तरी दुसरं घरी आणतं. रात्री, पावसाळी ढगात, हर्णैच्या बाऱ्यातून (बंदराच्या तोंडातून) आत यायचंय आणि एकत्र यंत्र बंद पडलं, तर खोलीही गेली आणि वाटही गेली. वेगळी असली तरी प्लॉटरची जागा फिशफाइंडरवर दिसू शकते. दोन्हींत एनएमईए ०१८३ (यंत्रांनी एकमेकांना माहिती द्यायची जोडणी) असतं, दोन वायरी जोडल्या की झालं. जुन्या प्लॉटरलाही ते बहुतेक असतंच.

हर्णैचा_नाखवा · ३ जून, संध्याकाळी ६.१०

नौका वर घेतली. तळ घासला. फोटोत दिसतंय का बघा: ट्रान्सड्यूसर उजव्या बाजूला, मागच्या भागात आहे. त्याच्या बरोबर पुढे हातभर अंतरावर इंजिनाच्या थंड पाण्याचं तोंड आहे, पितळी जाळीसकट दीड इंच बाहेर आलेलं. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर शिंपल्यांचा बोटभर थर होता. आणि गंमत नाही, काळजी वाटली: त्याच्यावर कुणीतरी तळाचा तेलरंगच फासलेला होता.

ट्रान्सड्यूसर प्लॅस्टिकचा आहे. जुना काढून त्याच भोकात नवा बसवावा की नवी जागा करावी? मिस्त्री म्हणतो, जुन्या सागाला नवं भोक नको.

मिरकरवाडा_मरीन · ३ जून, रात्री ९.००

तुमच्या बुडबुड्यांचा उगम तेच पाण्याचं तोंड. पाणी त्याच्यावर आपटून फुटतं आणि मागचा ट्रान्सड्यूसर त्या फेसातच बसलाय. त्याच भोकात काहीही बसवलंत तरी हेच होणार. जागा बदला.

नवी जागा नाळीपासून (पुढच्या टोकापासून) नौकेच्या लांबीच्या एक तृतीयांश ते निम्म्या अंतरात. ३८ फुटांत म्हणजे १३ ते १९ फूट. इतकी पुढे नको की लाटेत नाळ उचलली की तो भाग पाण्याबाहेर येईल, इतकी मागे नको की पंख्याचा आवाज येईल. तळाच्या कण्यापासून वीतभर बाजूला घ्या, कारण कण्यालगतचं पाणीही घुसळलेलं असतं आणि कणा झोत अडवतो. पुढे काहीही बाहेर आलेलं नको: ना पाण्याचं तोंड, ना फळीचा सांधा, ना खिळ्याचं डोकं. बाजू कोणती ते पंख्यावर ठरवा. पंख्याची पाती ज्या बाजूने खाली येतात ती बाजू घ्यायची, ज्या बाजूने वर येतात तिथे ढवळ जास्त. मागून बघताना पंखा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरत असेल तर उजवी.

लाकडी नौकेला प्लॅस्टिकचा तळातून जाणारा ट्रान्सड्यूसर लावायचाच नाही. साग पाण्यात फुगतो आणि प्लॅस्टिकचा गळा आवळून चिरतो. तडा गेला तर तिथून पाणी आत. तुमचा इतकी वर्षं टिकला हे नशीब. कांस्याचा घ्या. नौकेच्या आतून, तळाला भोक न पाडता बसवायचे ट्रान्सड्यूसर असतात, पण ते भरीव फायबरच्या तळासाठी. लाकडातून आवाज नीट जात नाही, ते कुणी सुचवलं तर ऐकू नका.

तळ तिरका असतो, म्हणून ट्रान्सड्यूसर सरळ खाली बघेल असा सागाचाच ठोकळा तासून घ्या. एक बाहेरून, होडीच्या आकाराचा, पुढे-मागे निमुळता, म्हणजे पाणी त्याच्यावरून फुटणार नाही. दुसरा आतून, उलट उताराचा, म्हणजे नट सपाट बसेल. मिस्त्रीला कागदाचा साचा कापून द्या. भोक पाडल्यावर उघड्या लाकडाला आतून इपॉक्सीचे दोन हात द्या, वाळू द्या, मग मरीन सीलंट लावून बसवा. नट हाताने घट्ट, मग पान्याने थोडासा. लाकूड पाण्यात फुगणार आहे, त्याला जागा ठेवा.

जुनं भोक नुसतं बुचाने बंद करू नका. मिस्त्रीला सांगा, भोकाभोवती उतरतं कापून सागाचा तुकडा इपॉक्सीत बसवायचा आणि आतून आडवी फळी द्यायची. त्याची भीती रास्त आहे, पण हे काम नीट केलं तर ती जागा शेजारच्या फळीइतकीच पक्की होते.

ट्रान्सड्यूसरच्या तोंडाला तेलरंग कधीच नाही. शिंपले धरू नयेत म्हणून लावायचा असेल तर पाण्याच्या आधाराचा अँटिफाउलिंग, तोही एक पातळ हात.

वेसावकर · ४ जून, सकाळी ९.४०

मिरकरवाडा, हे सगळं छापून प्रत्येक सोसायटीच्या भिंतीवर लावायला पाहिजे.

हर्णैचा_नाखवा · ४ जून, सकाळी ११.००

मनापासून आभार. वायरींचंही एकदा सांगा, म्हणजे ठिपक्यांचं काम याच वेळी होऊन जाईल.

मिरकरवाडा_मरीन · ४ जून, दुपारी ३.२०

फिशफाइंडरला बॅटरीपासून स्वतंत्र दोन वायरी ओढा, मध्ये फ्यूज, बॅटरीच्या टोकाजवळ. दिवे, पंप, वायरलेस यांच्या पट्टीवरून वीज घ्यायची नाही. शक्य असेल तर यंत्रांसाठी वेगळी बॅटरी ठेवा, इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवर सगळा भार नको. एफसीव्ही-६२८ बारा ते चोवीस व्होल्टवर चालतो, त्यामुळे तुम्हाला मध्ये काही लावायला नको. यंत्राच्या मागचा अर्थिंगचा स्क्रू रिकामा सोडू नका.

ट्रान्सड्यूसरची केबल अल्टरनेटरच्या आणि स्टार्टरच्या वायरींबरोबर एकत्र बांधायची नाही, दुसऱ्या बाजूने आणायची. ओलांडावीच लागली तर काटकोनात. उरलेली केबल कापायची नाही, मोठा सैल वळसा करून ठेवायची. ती कापून जोडलेली असली की मला बघताक्षणी कळतं, चित्रच सांगतं.

आणि नौका वर असताना यंत्र चालू करून बघायचा मोह आवरा. ट्रान्सड्यूसर हवेत असताना आवाज सोडत ठेवला तर आतला स्फटिक तापून खराब होऊ शकतो.

बंदरावरची_ताई · ४ जून, संध्याकाळी ५.००

एक वेगळा विषय, पण इथे बोलायलाच हवा. यंत्र चांगलं झालं की लहान माशाचा गोळाही चांगला दिसतो. पापलेट २०२३ मध्ये राज्याचा मासा झाला, आणि तरी बंदरावर तळहाताएवढी पापलेटं टोपलीत येतात, मी रोज बघते. यंत्राला गोळा दिसला म्हणजे जाळं टाकायलाच हवं असं नाही. गिलनेटच्या डोळ्याचा आकार मोठा ठेवला तर लहान मासा निघून जातो, पण ते मालकाने ठरवायचं असतं. नाखवा, तुम्ही या यंत्रावर एवढा विचार करताय, म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटलं.

हर्णैचा_नाखवा · ४ जून, रात्री ८.१५

ताई, ऐकतोय. वडिलांनी पापलेटचं जाळं कधी बारीक डोळ्याचं घेतलं नाही, आम्हीही घेणार नाही.

दर्यासारंग · ५ जून, सकाळी ७.०५

ताईंच्या मुद्द्याला धरून एक: पडद्यावर ठिपका मोठा म्हणजे मासा मोठा असं नसतं. नौका थांबलेली असताना एकच लहान मासा खाली रेंगाळला तर लांब जाड रेघ उमटते, कारण पडदा सरकत असतो आणि उजव्या कडेचीच पट्टी आत्ताची असते. काही यंत्रं माशाची लांबी आकड्यात सांगतात, पण त्या आकड्यावर भाव ठरवू नका. पहिल्या काही खेपांना तांडेलाला जाळ्यात आलेला माल आणि त्या वेळचा पडदा यांची जोडी लावू द्या. फोनवर पडद्याचा फोटो, शेजारी मालाचा फोटो. महिन्याभरात त्याची नजर तयार होते, मग यंत्र कोणतंही असो.

आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राची मासेमारी क्षेत्राची सूचना फुकट मिळते, बंदी उठली की पुन्हा सुरू होते. उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा बघून दिशा, अंतर आणि खोली देतात. ती तुम्हाला भागापर्यंत नेते. तिथे पोचल्यावर फिशफाइंडरचं काम सुरू. ऑटोमध्ये ठेवून विसरू नका. गेन (प्रतिध्वनी किती वाढवून दाखवायचा ते) हाताने एवढा वाढवा की पडद्यावर हलकी धूळ दिसेल, मग किंचित कमी करा.

हर्णैचा_नाखवा · २२ जून, रात्री ९.५०

ठरलं. एफसीव्ही-६२८ घेतला, सोबत कांस्याचा नवा ५०/२०० ट्रान्सड्यूसर. पडदा लहान आहे म्हणून भाऊ जरा नाराज होता, पण वाचलेल्या पैशात वेगळी बॅटरी, जाड वायरी आणि मिस्त्रीची मजुरी बसली, ते त्याला पटलं. दाभोळला शेजाऱ्यांच्या दोन नौकांवर हेच यंत्र आहे, आणि मेकॅनिक रत्नागिरीतून येतो.

पंख्याची बाजू बघितली, उजवीच निघाली. नाळीपासून साडेपंधरा फुटांवर जागा धरली. आज मिस्त्रीने बाहेरचा ठोकळा तासून तळाला लावून बघितला. लेव्हल ठेवली, बुडबुडा बरोबर मध्ये. जुन्या भोकात सागाचा तुकडा बसवलाय, इपॉक्सी वाळतंय. पुढच्या आठवड्यात नवं भोक.

जुन्या यंत्राचं काय करावं? टाकवत नाही.

मिरकरवाडा_मरीन · २३ जून, सकाळी ७.३०

टाकू नका. कोरड्या जागी ठेवा, खोलीपुरता तो अजून चालेल. एखाद्या छोट्या होडीवाल्याला २०० वर खोली बघायला पुष्कळ.

नौका पाण्यात सोडाल त्या दिवशी लगेच बंदराबाहेर नेऊ नका. ट्रान्सड्यूसरपाशी आत टॉर्च लावून एकाने बसावं, नटाभोवती कोरडा कागद गुंडाळावा. पहिल्या तासात आणि मग दुसऱ्या दिवशी लाकूड फुगल्यावर, असं दोनदा बघा. दुसऱ्या दिवशी नट सैल करू नका, घट्टही करू नका, फक्त कागद ओला झालाय का ते बघा. मग बाहेर सपाटीवर जाऊन चार ते सात नॉटची तीच चाचणी पुन्हा करा आणि आकडे इथे टाका. सातला रेघ तुटली तर मला फोटोसकट कळवा, १ ऑगस्टच्या आत येऊन जातो.